मॅनेज्ड होस्टिंग कशाला, मी आहे ना!

माझ्या बायकोची वेबसाइट मी बंद पाडली, हे पाचोडपासून हर्सूलपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. मतभेद आहे तो फक्त एवढाच, की मी ती मुद्दाम पाडली की माझ्या अंगभूत गुणांमुळं ती आपोआप पडली. मेहुण्याचं मत पहिलं, बायकोचं दुसरं. मला स्वतःला मेहुण्याचं मत जास्त सन्मानाचं वाटतं. त्यात निदान काही योजना तरी आहे!

आधी बायकोबद्दल सांगतो, कारण या गोष्टीत कौतुक करण्यासारखं जे काही आहे ते सगळं तिच्या वाट्याला गेलं आहे. सुजाता शाळेत शिकवते. आमचं घर हर्सूलला आणि तिची शाळा पाचोडच्या पलीकडच्या एका वाडीत. रोज दोन बस बदलून ती जाते आणि तिला एक दिवस उशीर झालेला मी पाहिला नाही. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर. मला न्यायला कंपनीची बस थेट कॉलनीच्या तोंडाशी येते. ती माझी आठवड्यातून एकदा चुकते.

तर सुजाताच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक गोष्ट घोळत होती. तिच्या शाळेतली आणि आसपासच्या दहा-अकरा गावांतली पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायची. हुशार पोरं! पण घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय नाही. वेळ संपायची, निम्मा पेपर कोरा राहायचा, आणि पोरं घरी येऊन सांगायची, ‘‘मॅडम, येत व्हतं सगळं, पर घंटी वाजली.’’ शहरातल्या पोरांना असल्या सरावासाठी गल्लोगल्ली क्लास आहेत. वाडीवरच्या पोरांना कोण देणार?

‘‘मी देणार,’’ असं म्हणून सुजातानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा महिने बसून, व्हिडिओ बघून-बघून, स्वतः वेबसाइट बनवली. समोर एकेक प्रश्न, कोपऱ्यात पळणारं घड्याळ, शेवटी गुण. मी मधूनमधून मागून जाऊन ‘‘हा रंग थोडा गडद कर’’ असं तांत्रिक मार्गदर्शन करत होतो. (तिनं एकदाही रंग बदलला नाही.)

आता खरी अडचण ऐका. गावात फोन बापाकडं. बाप सोमवार ते शनिवार कंपनीत नाहीतर शेतात, आणि फोन त्याच्या खिशात. पोरांच्या हाती फोन येणार तो फक्त रविवारी सकाळी आठ ते दहा. दहाच्या पुढं बाप अंघोळ करून बाहेर पडला की फोन गेला! म्हणून परीक्षा रविवारी आठ ते दहा, लागोपाठ पाच रविवार. त्यासाठी सुजाता घरोघर फिरली.

एका बापानं तिला सरळच विचारलं, ‘‘मॅडम, फोननं पोरं बिघडत्यात असं तुमीच म्हणता, आन् आता फोन द्या बी तुमीच म्हणता?’’

‘‘पहिल्या रविवारी दोन तास द्या,’’ सुजाता म्हणाली. ‘‘काही फायदा नाही असं वाटलं तर दुसऱ्या रविवारी देऊ नका. मी मागायला येणार नाही.’’

घरी आल्यावर तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘असं कशाला बोललीस? पहिल्याच दिवशी काही बिघडलं तर?’’

‘‘बिघडू द्यायचं नाही,’’ ती म्हणाली. तिच्याकडून बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं माझा हिशेब धरला नव्हता.

वेबसाइट तयार झाली, आता ती ठेवायला जागा पाहिजे. त्याला होस्टिंग म्हणतात. शहरातल्याच एका होस्टिंगवाल्या कंपनीचा नंबर सुजाताच्या एका मैत्रिणीनं दिला. फोन अझहर नावाच्या एका गोड बोलणाऱ्या माणसानं उचलला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो, ‘‘हां भाई, क्या क्या है आपके पास?’’

‘‘देखो साहब,’’ अझहर म्हणाला, ‘‘एक है शेअर्ड. उसमें क्या होता, एकच मशीन पे भोत सारे वेबसाइटा रहते. बाजूवाले ने जादा खींच लिया तो तुमको कम मिलता. सस्ता है, मगर देखना तुमकोच पडता. दुसरा है मॅनेज्ड. उसमें हमारा आदमी बैठा रहता. बॅकअप हम लेते, कुछ बिगडा तो हम उठते, रश बढ गया तो हम जगा बढाते. तुम आराम से चाय पीव.’’

‘‘आणि एकाच मिनिटाला सगळी मुलं आत आली तर?’’ सुजातानं विचारलं.

‘‘मॅडम, ये सही सवाल पूछे तुम! शेअर्ड लटक जाता.’’

‘‘डिस्काउंट किती?’’ मी विचारलं. कारण मलाही सही सवाल विचारायचा होता.

फोन ठेवल्यावर सुजाता म्हणाली, ‘‘अहो, मॅनेज्डच घेऊ. बघणारं कुणीतरी असलेलं बरं.’’

आणि इथं मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो. ‘‘अगं, मॅनेज करायला बाहेरचा माणूस कशाला? मी आहे ना! वीस वर्षं मेंटेनन्स करतोय. तिकडं कोट्यवधींच्या मशिनी माझ्या भरवशावर चालतात!’’

तिनं एकदा वर ट्यूबलाइटकडं पाहिलं. (ती मीच दुरुस्त केली आहे. काठीनं दोनदा टोचलं की लागते.) मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर बहुधा इतका उत्साह असावा, की तिला नाही म्हणवलं नाही. तिचा हा एकमेव दोष; माझ्या उत्साहाची तिला दया येते. अशा रीतीनं शेअर्ड होस्टिंग आलं आणि मॅनेजर म्हणून माझी नेमणूक झाली.

आता आमच्या खानदानाची एक रीत आहे. कुणी एखादी वस्तू विकत घेतली, की ती घेणाऱ्याची राहत नाही. मोठी कढई, शिडी, तंबू, सगळं सगळ्यांचं. मी एक ड्रिल मशीन घेतलं होतं, ते वर्षभरात सहा गावं आणि चौदा घरं फिरून आलं आणि येताना सोबत कुणाचा तरी हातोडा घेऊन आलं. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. नाही म्हणणाऱ्याबद्दल मात्र दहा वर्षं बोलतात, ‘‘शहरात जाऊन लई मोठा झाला.’’

होस्टिंग घेतल्यावर पंधरा दिवसांनी एका साखरपुड्यात मी जेवताना सहज म्हणालो (सहज म्हणजे जरा मोठ्यानं), ‘‘आपल्या होस्टिंगमध्ये पाहिजे तितक्या वेबसाइट टाकता येतात.’’

पंगतीतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग माझे चुलते नाना घास हातात धरून म्हणाले, ‘‘म्हंजे लई जागा हाय म्हण की. आन् सुजाताची एकच वेबसाइट हाय त्यात?’’

‘‘एकच.’’

‘‘मंग बाकीची मोकळीच पडली का?’’ नानांना मोकळी पडलेली जागा बघवत नाही. ते प्लॉट विकतात. ‘‘मिल्या, आपले शेंद्र्याकडचे प्लॉट टाक की त्यात. फोटो हायती माझ्याकडं.’’

समोरून माझा मेहुणा आनंद वाकून म्हणाला, ‘‘दाजी, आपलं डीजेचं बी टाका ना! हळदीचे, वरातीचे व्हिडिओ. गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडतं.’’ आनंद म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ. पाचोडच्या बाजूला त्याचा डीजे आहे, म्हणजे एका ट्रकवर दोन पुरुष उंचीच्या पेट्या. तो सुरू झाला की शेजारच्या गावातली भांडी फळीवरून उतरतात.

‘‘मला आत्ता काय टाकायचं नाय,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पर माझी जागा धरून ठेव बाबा.’’ एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसं त्यांनी माझ्या होस्टिंगवर रुमाल टाकला.

आणि मी काय केलं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसायचा कंटाळा म्हणून घरच्या ग्रुपवर पासवर्डच टाकून दिला! वर लिहिलं, ‘सर्वांच्या सोयीसाठी.’ चोपन्न सदस्यांपैकी एकतीस जणांनी अंगठा दाखवला. मॅनेजर म्हणून आपलं काहीतरी चुकतंय, असा संशय मला तेव्हाही आला नाही.

सुजाता त्या ग्रुपवर नाही. (तिला वेळ नसतो.) तिनं एकदा विचारलं, ‘‘आपल्या होस्टिंगवर आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही ना?’’

‘‘छे छे!’’ मी म्हणालो. ‘‘बाहेरचं कुणी नाही. सगळे घरचेच आहेत.’’ ती तेव्हा भाजी परतत होती. शेवटचे शब्द फोडणीत गेले, आणि मीही ते पुन्हा काढायला गेलो नाही.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सुजाताच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. ‘‘मॅडम, मी आरती बोलतीय. पप्पांनी फोन फुल चार्ज करून ठिवलाय. उद्या दहापर्यंत कुणाचा बी फोन उचलायचा नाय म्हणलेत.’’

आरती म्हणजे ‘फोननं पोरं बिघडत्यात’ म्हणणाऱ्या त्याच बापाची मुलगी. फोन ठेवल्यावर सुजाता नुसती हसली, आणि पुन्हा कामाला बसली. आकृत्यांचे वीस प्रश्न राहिले होते, ते तिनं रात्रीच्या जेवणाआधी वेबसाइटवर चढवले. त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आनंदचा संदेश आला: ‘सरपंचांच्या लेकीच्या हळदीचा पूर्ण व्हिडिओ आपल्या वेबसाइटवर! सगळ्यांनी बघा, गावाला पाठवा!’ मी अंगठा दाखवला.

रविवारी सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना सुजाता टेबलाशी बसली. मी मागं उभा राहिलो, हाताची घडी घालून, कंपनीत मोठे साहेब आल्यावर उभा राहतो तसा. आठ वाजले. वेबसाइटवर एक पोरगं आलं, दहा आली, पन्नास आली. सुजाताचे डोळे चमकले. आठ वाजून तीन मिनिटांनी पडदा पांढरा झाला. मधोमध एक ओळ: तुमच्या खात्याची मर्यादा संपली आहे.

‘‘अहो, हे काय?’’

‘‘थांब, गरम झालं असेल,’’ मी म्हणालो. (काय गरम झालं असेल, हे मला आजही सांगता येणार नाही.)

तेवढ्यात फोन वाजायला लागले. ‘‘मॅडम, उघडंना.’’ ‘‘मॅडम, गोल गोल फिरतंय.’’ ‘‘मॅडम, पप्पा म्हणत्यात दे इकडं फोन.’’

मी होस्टिंग कंपनीला फोन लावला. शेअर्डवाल्यांना रविवारी फोनवर माणूस नसतो, लिहून पाठवायचं असतं. लिहून पाठवलं. उत्तर आलं, आपला क्रमांक चौतिसावा. मग मी आत शिरून पाहिलं. अख्खा गाव सकाळी चहा पिता पिता सरपंचांच्या लेकीची हळद बघत होता! जे बघायला आले नव्हते ते नानांचे प्लॉट बघत होते. मावशींच्या नावानंही एक फोल्डर होतं, रिकामं, पण होतं. आणि या सगळ्या पाहुण्यांच्या गर्दीत आमच्या परीक्षेला पाय ठेवायला जागा नव्हती.

‘‘नाना कुठून आले इथं?’’ माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत सुजाता म्हणाली.

‘‘ते नंतर सांगतो. आधी हळद काढून टाकतो, म्हणजे जागा होईल!’’

पण नातेवाईकांनी तिथं असा पसारा मांडला होता, की कुणाचं काय ते कळेना. फोल्डरची नावं ‘नवीन’, ‘नवीन एक’, ‘नवीन खरं’. मी डोकं चालवलं. हळद काल संध्याकाळी टाकली, म्हणजे ज्या फोल्डरवर कालची सगळ्यात उशिराची वेळ असेल ते हळदीचं! सापडलं. उडवलं. तीनदा विचारलं त्यानं, नक्की का, नक्की का, परत मिळणार नाही, नक्की का? मी तिन्ही वेळा नक्की म्हणालो आणि खुर्ची मागं ढकलून जाहीर केलं, ‘‘झालं!’’

वेबसाइट उघडली. हळद चालू होती. गायब झाली होती ती परीक्षा. कारण कालची सगळ्यात उशिराची वेळ सुजाताच्या आकृत्यांची होती!

सुजातानं अगदी हळू विचारलं, ‘‘बॅकअप?’’

बॅकअप घेणं हे मॅनेजरचं काम होतं. मी घेणारच होतो. मी छताच्या पंख्याकडं पाहू लागलो.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडायलाच पाहिजे होतं! सहा महिन्यांचं काम, घरोघरचे उंबरठे, आणि ‘दुसऱ्या रविवारी देऊ नका’ हे स्वतःचे शब्द. आज फसलं तर अकरा गावांतले फोन पुढचे चारही रविवार बापांच्या खिशात राहणार होते, आणि त्यांना दोष देता येणार नव्हता. पण सुजाता ओरडली नाही. ती उठली, कपाटातून तिची हातानं लिहिलेली प्रश्नांची वही काढली, केस बांधले आणि घड्याळ पाहिलं. आठ वाजून सतरा मिनिटं.

‘‘वहीचे फोटो काढून पाठव ना सगळ्यांना,’’ मी भीत भीत म्हणालो.

‘‘आणि घरातल्यांनी बसून सोडवले तर? वेळ लावून सोडवायची सवय करायची आहे त्यांना. एक मिनिटाला एक प्रश्न.’’ आणि ती पालकांच्या ग्रुपवर टाकायला फोनमध्ये बोलू लागली. वर्गात बोलते तसं, ठाम आणि स्वच्छ. ‘‘मुलांनो, वेबसाइट बंद आहे, पेपर होणार आहे. वही-पेन घ्या. आपल्या गावात विहारात, नाहीतर देवळात, जिथं भोंगा आहे तिथं दहा मिनिटांत जाऊन बसा.’’

मग तिनं प्रत्येक गावातल्या ओळखीच्या शिक्षकांना, अंगणवाडीच्या ताईंना एकाच वेळी फोनवर जोडलं. प्रत्येकानं आपला फोन भोंग्याच्या माइकसमोर धरायचा. एका फोनवर मावतील तेवढी गावं तिच्या फोनवर, उरलेली माझ्या. दोन्ही फोन तिच्या आवाजाच्या टप्प्यात. आरतीच्या वाडीवर मात्र भोंगा नव्हता. सुजातानं भावाला फोन लावला.

‘‘आनंद, ट्रक कुठं आहे?’’

‘‘ताई, दारात हाय. आत्ताच आलो दुसऱ्या एका हळदीवरनं. झोपतच व्हतो.’’

‘‘झोपू नकोस. आरतीच्या वाडीवर घेऊन जा. माझा फोन पेट्यांना जोड.’’

‘‘फोन? डीजेला? काय वाजवायचंय, ताई?’’

‘‘शिष्यवृत्ती,’’ सुजाता म्हणाली.

साडेआठला पेपर सुरू झाला. मॅनेजमेंटमधली एक जबाबदारी माझ्याकडंही आली होती: माझा फोन खिडकीत रेंजमध्ये धरून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

‘‘प्रश्न पहिला,’’ सुजाता म्हणाली. ‘‘एका रांगेत राजू पुढून चौदावा आहे आणि मागूनही चौदावा आहे. तर रांगेत एकूण मुलं किती?’’

तिकडून आनंदच्या पेट्यांमधून तिचाच आवाज उलटा येऊन आमच्या घरात घुमला: ‘‘चौदावा... दावा... वा... वा...’’

‘‘आनंद, तो इको बंद कर!’’

‘‘सॉरी ताई, हाताला सवय झाली!’’

अठ्ठावीस, मी मनात म्हणालो. तेवढ्यात कुठल्याशा गावातून एक म्हातारा आवाज आला, ‘‘सत्तावीस!’’

‘‘आजोबा, उत्तर सांगायचं नाही,’’ सुजाता म्हणाली.

‘‘बरं बरं. पर बराबर हाय का तेवढं सांगा की.’’

‘‘बरोबर आहे.’’ (माझं चुकलं होतं. मी रेंजकडं लक्ष दिलं.) ‘‘मुलांनो, प्रश्न बदलतेय. पुढून सोळावा, मागून नववा. आता सांगा. आजोबा, तुम्ही गप्प.’’

असा सारा प्रकार! ती वहीत बघून वाचत होती, गरज पडली की जागच्या जागी आकडे बदलत होती, आणि दर मिनिटाला ‘‘पुढचा प्रश्न’’ म्हणत होती. कुठं म्हैस ओरडली, कुठं लाइट जाऊन एक गाव गळालं आणि पाच मिनिटांनी ‘‘आलो मॅडम’’ म्हणत परत जोडलं गेलं. त्या गावासाठी राहिलेले पाच प्रश्न तिनं शेवटाला लक्षात ठेवून घेतले.

मला धास्ती होती आकृत्यांची. भोंग्यावरून आकृती कशी दाखवणार? सुजातानं एक श्वास घेतला. ‘‘आपल्या शाळेची खिडकी काढा. चौकोनी. तिला मधोमध एक उभा गज, एक आडवा. चार खाने झाले. वरच्या उजव्या खान्यात एक टिकली लावा. आता खिडकी घड्याळाच्या काट्यासारखी एक घर फिरली. टिकली कुठं आली?’’ अकरा गावांत एकाच वेळी पेन्सिली चालल्या असतील. मी फोनसकट स्वतःभोवती फिरून पाहिलं, तेवढ्यात रेंज गेली आणि तिनं माझा कान धरून मला पुन्हा खिडकीत लावलं.

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या खिडकीत उभं राहून माझे डोळे भरून आले. सहा महिन्यांचं काम माझ्या एका बोटानं उडालं होतं, आणि ही बाई त्याचं दुःख करत बसली नव्हती. तिच्या डोक्यात फक्त पोरं होती. तिच्यासारखी माणसं असली की शाळा कुठंही भरते, हे मला तेव्हा कळलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तेव्हा जरा उशिराच कळलं म्हणायचं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटचा प्रश्न झाला. पोरांनी उत्तरांच्या पानांचे फोटो पाठवले. सुजाता ग्लासभर पाणी प्यायली. इतक्यात आरतीच्या बापाचा फोन. तिनं तो स्पीकरवर टाकला.

‘‘मॅडम, पुढल्या रविवारी बी हाय ना?’’

‘‘आहे. फोन द्याल?’’

‘‘व्हय, देतो की! आरतीचं तोंड बघा जरा, लई खूश हाय. मी बी बसलो व्हतो पाठीमागं, धा प्रश्न सोडवले म्या. त्यातले चार बराबर निघाले.’’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘‘पर मॅडम, डीजे कमी ठेवा. आमच्या शेळ्या पार रानात पळाल्या.’’

फोन ठेवून सुजाता खुर्चीत मागं टेकली आणि हसू लागली. इतकी हसली, की शेवटी मीही धीर करून थोडासा हसलो. ‘‘तुम्ही नका हसू,’’ ती लगेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः अझहरला फोन लावला. ‘‘मॅनेज्ड द्या.’’

‘‘बराबर किये मॅडम. पहले वाला कौन देख रहा था?’’

‘‘होते एक जण,’’ सुजाता म्हणाली.

पासवर्ड नवीन आणि तो फक्त तिच्याकडं. नातेवाईकांना तिनं एकेकाला फोन करून समजावलं, कुणी रागावलं नाही. नानांच्या प्लॉटचं पान तिनं स्वतः दुसरीकडं उभं करून दिलं. मावशींचा रुमाल मात्र तिलाही हलवता आला नाही. ‘‘राहू दे गं, काय खातंय का ते?’’ असं त्या म्हणाल्या.

आता हात बसला होता, म्हणून वेबसाइट पुन्हा बांधून वहीवरून सगळे प्रश्न चढवायला तिला सहाच दिवस लागले. या वेळी मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो. तेवढंच काम तिनं मला दिलं आणि तेही भाजीतलं मीठ चाखून बघतात तसं, आधी पाच प्रश्न देऊन.

दुसरा रविवार उजाडला. आठ वाजले आणि पोरं आत येऊ लागली. पन्नास, शंभर, आणखी. पडदा तसाच. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. सुजाता चहा घेऊन शांत बसली होती. मला मात्र बसवेना. घरातलं वायफाय वापरायचं नाही, अशी मला ताकीद होती, म्हणून मी गच्चीत जाऊन माझ्या मोबाइलवर वेबसाइट उघडून पाहिली. चालू होती. परत उघडली. चालू होती. आता असेल का? होती. आता? काळजी असली की माणूस काय करेल सांगता येत नाही. अर्धा तास मी दर दोन सेकंदांनी बघत होतो, आणि मग अचानक माझ्या मोबाइलवर ती उघडेचना!

मी धडपडत जिना उतरलो. ‘‘सुजाता! बंद पडली! पुन्हा बंद पडली!’’

ती फोनवर बोलत होती. तिनं मला हातानं थांबवलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

‘‘नाही मॅडम, सब मस्त चालू है,’’ अझहर सांगत होता. ‘‘बच्चे आराम से पेपर लिख रहे. बस, एक मोबाइल से कोई आधे घंटे से हर दो सेकंद में आरा था. हमारे सिस्टम को लगा, ये वेबसाइट को गिराने आया है. उसने खुदच पहचान लिया और बाहर फेक दिया.’’

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं.

‘‘तो परत आत येऊ शकतो का?’’ तिनं विचारलं.

‘‘तुम बोले तोच, मॅडम.’’

‘‘मग राहू द्या.’’

वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, पण बिघाड नेमका कुठं आहे हे इतक्या लवकर ओळखणारी यंत्रणा मी आजवर पाहिलेली नाही!